पोलिश निर्वासित बालकांच्या वसाहती, भारतातील

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएट संघात हद्दपार झालेल्या आणि तेथून इराणमार्गे बाहेर पडलेल्या पोलिश मुलांच्या संगोपनासाठी १९४२ ते १९४८ या काळात भारतात चालविण्यात आलेल्या वसाहती व त्यांना आधार देणारी साहाय्ययोजना. यांपैकी दोन वसाहती प्रमुख होत : तत्कालीन नवानगर (जामनगर) संस्थानातील बालाचडी व कोल्हापूर संस्थानातील वळिवडे. पहिली मुख्यत्वे निराधार मुलांची होती. दुसरीत कुटुंबे राहत, परंतु पुरुष आघाडीवर वा बेपत्ता असल्याने तेथेही स्त्रिया व मुले यांचाच भरणा होता. यांखेरीज कराचीनजीक निर्वासितांसाठी तात्पुरते तळ होते. मुलांना अन्न व निवारा पुरवून न थांबता त्यांची भाषा, शाळा, धर्माचरण व सणवार यांसह एक लहानसा पोलिश समाजच परक्या भूमीवर उभा करण्यात आला, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. तिचे यश व तिच्यातून उद्भवलेला मायदेशी परतण्याचा अवघड प्रश्न या दोहोंचे मूळ याच वैशिष्ट्यात आढळते.

हद्दपारी व सुटका : १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सैन्याने पूर्व पोलंड व्यापला. त्यानंतर फेब्रुवारी, एप्रिल व जून १९४० आणि मे-जून १९४१ अशा चार वेळा तेथील नागरिकांना मालगाड्यांत भरून उत्तर रशिया, सायबीरिया व कझाकस्तानात धाडण्यात आले. माजी सैनिकांना मिळालेल्या जमिनी कसणारे शेतकरी, वनरक्षक, पोलीस, सरकारी नोकर आणि अटकेत असलेल्यांची कुटुंबे यांवर विशेष रोख होता. हद्दपारांची संख्या पूर्वीच्या पोलिश लेखकांनी दहा लाखांच्या घरात धरली होती. सोव्हिएट दप्तरे खुली झाल्यानंतर मिळालेल्या कागदपत्रांत ती सु. सव्वातीन लाख भरते. लाकूडतोडीच्या व सामुदायिक शेतीच्या वसाहतींत थंडी, उपासमार व साथी यांनी जे बळी घेतले, त्यांत प्रौढ माणसे अनेकदा आधी गेली, कारण कामाच्या मोबदल्यात मिळणारा पाव ती मुलांना देत.

जर्मनीने १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएट संघावर स्वारी केल्यावर चित्र पालटले. लंडनमधील निर्वासित पोलिश शासन व सोव्हिएट शासन यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार होऊन हद्दपारांना मुक्त करण्याचे ठरले आणि जनरल व्वादिस्वाफ आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारण्यास संमती मिळाली. सैन्याचे तळ मध्य आशियात हलताच हजारो कुटुंबे मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे निघाली. सैन्याच्या आश्रयाने मुलांसाठी अनाथगृहे निघाली, आणि तेथे एक विचित्र पेच निर्माण झाला. अनाथगृहातील मुलांना देशाबाहेर जाण्यास व पोटभर जेवणास प्राधान्य मिळते, हे कळल्यावर अनेक मातांनी आपली मुले स्वतः होऊन तेथे सोडली. त्यामुळे पुढे इराणात व भारतात ‘अनाथ’ म्हणून नोंदल्या गेलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे वडील सैन्यात होते वा आई कुठेतरी हयात होती. पुढील सर्व वादात हा मुद्दा महत्त्वाचा ठरला.

मार्च-एप्रिल व ऑगस्ट १९४२ अशा दोन टप्प्यांत क्रास्नोव्होत्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून सु. १,१५,००० पोलिश लोक इराणच्या पहलवी बंदरात (विद्यमान बंदर अंझली) उतरले. त्यांत सु. चाळीस हजार नागरिक होते व त्या नागरिकांत जवळजवळ निम्मी मुले होती. अनेकजण उतरल्यावर काही दिवसांतच विषमज्वर व अतिसार यांनी दगावले. इस्फाहानमध्ये मुलांसाठी इतकी निवासगृहे निघाली, की ते पोलिश मुलांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. तथापि युद्धाच्या धुमाळीत इराणात एवढी माणसे फार काळ ठेवणे शक्य नव्हते. म्हणून ब्रिटिश शासनाने त्यांची पूर्व आफ्रिका, भारत व अन्यत्र विभागणी केली. काही मेक्सिकोला गेले. १९४४ मध्ये सातशेहून अधिक मुले इस्फाहानहून मुंबईमार्गे न्यूझीलंडमधील पाहियाटुआ येथे पोहोचली.

बालाचडी : भारतात आलेली पहिली मुले मात्र समुद्रमार्गे आली नाहीत. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानाशिन्स्की व रेड क्रॉसच्या प्रतिनिधी या नात्याने काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी मालमोटारींचा तांडा मध्य आशियाकडे रवाना केला होता. परतीच्या वाटेवर अश्काबाद येथील मुलांना घेऊन तो मशद, झाहेदान व क्वेट्टा या मार्गे भारतात आला. वॉर्सातील रंगभूमी व चित्रपट गाजविलेली गायिका हांका ओर्दोनुव्ना ही स्वतः हद्दपारी भोगलेली व क्षयाने ग्रासलेली असूनही मुलांच्या सोबत होती. तिने पुढे या मुलांच्या भटकंतीवर टोपणनावाने पुस्तक लिहिले. दीडशेहून अधिक मुलांची ही पहिली तुकडी १९४२ च्या एप्रिलमध्ये मुंबईस पोहोचली. वांद्रे येथे समुद्रानजीकच्या घरांत तिला सु. तीन महिने ठेवून मुलांची प्रकृती सुधारण्यात आली व नंतर तिची रवानगी बालाचडीस झाली.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी (१८९५–१९६६) हे प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांचे पुतणे व दत्तक वारस. ते नरेंद्रमंडळाचे कुलगुरू (चान्सेलर) होते व युद्धकाळात लंडनमधील साम्राज्य युद्धमंत्रिमंडळात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले होते. त्यामुळे पोलिश नेत्यांशी त्यांचा परिचय झाला. मुलांना ठेवून घेण्याची तयारी त्यांनी दाखविली, तेव्हा हिंदुस्थान सरकार आढेवेढे घेत होते. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथून लाखो भारतीय पायी परतत होते, धान्याची टंचाई भासू लागली होती व स्वातंत्र्यचळवळ निर्णायक टप्प्यावर आली होती. अशा वेळी परदेशी निर्वासितांचा भार राजकोशावर पडू नये, अशी सरकारची भूमिका होती. म्हणून आरंभीचा खर्च संस्थानिक व खाजगी देणगीदार यांच्या मदतीतून उभारलेल्या पोलिश बालक निधीतून भागविण्यात आला; पुढे तो मुख्यत्वे लंडनमधील पोलिश शासनाने ब्रिटिश कर्जातून उचलला. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मृत्युमुखी पडली, ही घटना याच काळातील आहे. परक्या मुलांना मिळालेली माया आणि देशातील मुलांच्या वाट्याला आलेली उपेक्षा यांची तुलना त्यामुळे अपरिहार्यपणे मनात येते; परंतु तिचा दोष आश्रय देणाऱ्यांकडे जात नाही.

बालाचडी हे गाव जामनगरपासून सु. पंचवीस किमी. अंतरावर समुद्रकाठी असून तेथे जामसाहेबांचा उन्हाळी वाडा होता. त्याच्या परिसरात कौलारू बराकी बांधून शयनगृहे, भोजनगृह, रुग्णालय व प्रार्थनामंदिर यांची सोय करण्यात आली. वाड्याच्या आवारातील काही इमारती शाळेसाठी देण्यात आल्या. येथे राहून गेलेल्या मुलांचा आकडा पाचशेपासून हजारापर्यंत निरनिराळा दिला जातो. मुलांची ये-जा सतत चालू असल्याने हा फरक पडतो. फ्रांचिशेक प्लूता हा पोलिश धर्मगुरू वसाहतीचा प्रमुख होता. सकाळी ध्वजवंदन व प्रार्थना, नंतर शाळा, दुपारी बागकाम किंवा खेळ, संध्याकाळी समुद्रस्नान असा दिनक्रम असे. शिक्षिका व देखरेख करणाऱ्या स्त्रिया बहुधा स्वतः हद्दपारीतून सुटलेल्या होत्या. पुष्कळांनी स्वतःची मुले गमावली होती.

जामसाहेबांना मुले ‘बापू’ म्हणत. तुम्ही आता अनाथ नाही, नवानगरचे रहिवासी आहात आणि मी तुमचा बाप आहे, अशा आशयाचे शब्द त्यांनी मुलांच्या स्वागतप्रसंगी काढल्याचे त्या मुलांनी उतारवयात सांगितले आहे. आणखी एक आठवण अशी : जेवणात वारंवार येणाऱ्या पालकाच्या भाजीविरुद्ध मुलांनी संप पुकारला व तो जामसाहेबांच्या कानी जाताच त्यांनी ती भाजी बंद करविली. हा प्रसंग किरकोळ खरा; पण दोन वर्षांपूर्वी पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभी राहिलेली मुले आता ताटातील पदार्थ नाकारू लागली होती, यावरून त्यांच्या मनाची उभारी कळते. अनेक मुले पहिल्या काही महिन्यांत पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवीत, असे युद्धोत्तर काळातील अशा सर्वच निवासगृहांतील अनुभव सांगतात.

वळिवडे : कोल्हापूरपासून सु. पाच किमी. वर, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत व पंचगंगेच्या परिसरात ही वसाहत १९४३ च्या मध्यास सुरू झाली. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी अज्ञान राजा असल्याने संस्थानाचा कारभार राजप्रतिनिधिमंडळ पाहत होते. सु. पाच हजार माणसांची सोय होईल अशा लांबच लांब बराकी येथे उभारण्यात आल्या. भिंती चटयांच्या व छप्पर कौलांचे. प्रत्येक कुटुंबास खोल्या, ओटा व स्वयंपाकाची जागा असे. बालाचडीप्रमाणे येथे सर्वांचे सामुदायिक भोजन नव्हते. कुटुंबाला मासिक भत्ता मिळे व गृहिणी बाजारहाट करून स्वतः रांधीत. भाजी, दूध, कापड यांचे विक्रेते आसपासच्या खेड्यांतून येत. त्यांतील काहींनी कामापुरती पोलिश भाषा आत्मसात केली होती आणि मुलांनी मराठी व हिंदी शब्द उचलले होते. स्वतःच्या घरातील चूल आईच्या हाती परत आली, याचे महत्त्व वसाहतीतील वृद्धांनी पुढे वारंवार सांगितले आहे.

वसाहतीचे प्रमुख कॅप्टन व्वादिस्वाफ यागिएवोविच हे होते. तिची विभागांत वाटणी करून प्रत्येक विभागावर एक व्यवस्थापक नेमलेला असे. चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, चित्रपटगृह, ग्रंथालय, अग्निशामक दल यांमुळे तिला छोट्या नगराचे रूप आले होते. आईबाप नसलेल्या मुलांसाठी स्वतंत्र अनाथगृह असले, तरी ती मुले इतर मुलांच्याच शाळेत जात व सुटीच्या दिवशी ओळखीच्या कुटुंबांत जेवत. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवीत. मलेरियाचा उपद्रव मोठा होता. क्षयाची शंका असलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत पाठविले जाई आणि काही मुली तेथील कॉन्व्हेंट शाळेत शिकल्या.

शाळांची उभारणी हा या वसाहतीचा सर्वांत लक्षणीय भाग होय. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा (गिम्नाझियम व लिसेयम) व व्यवसायशिक्षणाचे वर्ग येथे चालत. हद्दपारीत मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेलेली असल्यामुळे एकाच वर्गात वयाने बरीच लहानमोठी मुले बसत. पुस्तकांची वानवा होती. पॅलेस्टाइनमध्ये पोलिश सैन्याच्या शिक्षणविभागाने छापलेली क्रमिक पुस्तके येईपर्यंत शिक्षक फळ्यावर लिहून देत व मुले उतरवून घेत. पोलंडचा इतिहास, साहित्य व भूगोल शिकविण्यावर भर होता. आश्रयदात्या देशाची ओळख करून देण्याचे प्रयत्न त्या मानाने थोडे झाले. त्यांतील उल्लेखनीय प्रयत्न वांदा दिनोफ्स्का (१८८८–१९७१) या विदुषीचा. १९३५ पासून भारतात राहिलेल्या व ‘उमादेवी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी वसाहतींना भेटी देऊन भारतीय विचार व वाङ्मय यांवर व्याख्याने दिली आणि १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली.

शाळेइतकाच प्रभाव बालवीर व वीरबाला पथकांचा पडला. पोलंडमधील या चळवळीला राष्ट्रीय परंपरा होतीच. सैन्यातून खास या कामासाठी पाठविलेला तरुण अधिकारी झ्जिस्वाफ पेश्कोफ्स्की हा कोझेल्स्कच्या बंदीछावणीतून वाचलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी होता. त्याचे अनेक सहबंदी कात्यिनच्या अरण्यात मारले गेले होते. त्याने पथकांना शिस्त व उत्साह दिला. पुढे तो धर्मगुरू झाला. पथकांच्या सहली, शेकोट्या व शिबिरे यांतून मोठी मुले लहानांची जबाबदारी घेऊ लागली. वडील नसलेल्या घरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना वळण लावण्याचे काम येथे पथकनायकाने केले, असे म्हणता येईल. वयात आलेले काही मुलगे मध्यपूर्वेतील पोलिश सैनिकी छात्रशाळांत दाखल झाले.

मायदेशी परतण्याचा प्रश्न : कात्यिनचे हत्याकांड उघडकीस आल्यावर एप्रिल १९४३ मध्ये सोव्हिएट संघाने लंडनमधील पोलिश शासनाशी संबंध तोडले. युद्धाअखेर पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविण्यात आली व बहुसंख्य निर्वासितांची गावे सोव्हिएट संघात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्साच्या नव्या शासनाला मान्यता दिली. त्याबरोबर वसाहती चालविणारे शासन कायद्याने नाहीसे झाले आणि मुलांचे पालकत्व कोणाकडे, हा प्रश्न उपस्थित झाला. नव्या शासनाने अनाथ मुलांना परत पाठविण्याची मागणी केली. ज्यांचे आईवडील पोलंडात जिवंत असतील, त्यांच्या दृष्टीने ती न्याय्य होती. रेड क्रॉसच्या शोधकार्यातून अशा काही मुलांची कुटुंबे सापडलीही. परंतु ज्या राजवटीने आपल्याला हद्दपार केले, तिच्याच प्रभावाखालील देशात परतण्यास बहुतेक मोठी मुले व त्यांचे शिक्षक तयार नव्हते.

मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाठविले जाऊ नये, यासाठी जामसाहेब, धर्मगुरू प्लूता व एक ब्रिटिश अधिकारी यांनी निराधार मुलांचे दत्तकपालकत्व न्यायालयामार्फत स्वीकारल्याचे नमूद आहे. एका भारतीय संस्थानिकाने आपल्या सहीने युरोपीय मुलांना राजकीय देवघेवीतून बाहेर काढावे, ही घटना असामान्य होय. प्लूता यांनी मुलांचा एक गट अमेरिकेतील कॅथलिक संस्थांकडे पोहोचविला. वॉर्साच्या शासनाने त्यांच्यावर मुले पळविल्याचा आरोप ठेवला. एकीकडे त्राता व दुसरीकडे अपहर्ता अशी एकाच माणसाची दोन चित्रे या वादाच्या कागदपत्रांत दिसतात. मुलांना स्वतःला काय हवे, हे दोन्ही पक्षांपैकी कोणी पद्धतशीरपणे विचारल्याचे फारसे दिसत नाही.

१९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद होऊन उरलेली मुले वळिवडे येथे हलविण्यात आली. निर्वासितांची व्यवस्था त्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन संघटनेकडे व पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. आंदेर्स यांच्या सैन्यातील शिपायांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याची मुभा मिळाली. इतर पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेकडे गेले. पोलंडला परतणारे अल्पसंख्य होते. काही तरुणी येथेच विवाह करून राहिल्या. १९४८ च्या आरंभी वळिवड्याची वसाहत रिकामी झाली.

युद्धग्रस्त मुलांच्या साहाय्यकार्याच्या इतिहासात या वसाहतींचे स्थान ठरविताना दोन बाजू पाहाव्या लागतात. त्याच काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड यांना युद्धकालीन शिशुगृहांत असे आढळले, की बाँबवर्षावापेक्षा मातेपासूनची ताटातूट मुलांना अधिक जाचते; म्हणून त्यांनी मुलांचे लहान कुटुंबवजा गट पाडले. वळिवडे येथे असा शास्त्रीय हेतू नव्हता, परंतु कुटुंब, भावंडे, भाषा व शेजार टिकविल्याने तेच साधले. बालकांच्या हक्कांविषयी १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील विसावे कलम निराधार मुलाची सोय करताना त्याच्या संगोपनातील सातत्य आणि त्याची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी असे सांगते. दुसरी बाजू अशी, की मुलांना ज्या पोलंडसाठी तयार केले गेले, तो नकाशावर उरला नव्हता. आसपासच्या मराठी समाजापासून ती बरीच अलग राहिली आणि वसाहत मोडल्यावर त्यांना तिसऱ्याच देशात नव्याने भाषा शिकून सुरुवात करावी लागली. तरीही ब्रिटनमध्ये त्यांनी स्थापन केलेली भारतातील पोलिश लोकांची संघटना अनेक दशके टिकून राहिली व तिने वसाहतींचा सविस्तर इतिहास सिद्ध केला, यावरून लहानपणी जुळलेल्या नात्यांचा चिवटपणा दिसून येतो.

बालाचडीच्या जागेवर नंतर सैनिकी शाळा आली. मुलांना आश्रय दिल्याबद्दल मोबदला म्हणून स्वतंत्र पोलंडमध्ये आपल्या नावाचा एक रस्ता असावा, एवढीच इच्छा जामसाहेबांनी व्यक्त केली होती, असे सांगतात. पोलंडमधील साम्यवादी राजवटीत ते शक्य नव्हते. १९८९ नंतरच्या काळात वॉर्सातील एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले, तेथील एक चौक ‘भल्या महाराजांचा चौक’ म्हणून ओळखला जाऊ लागला व २०१४ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले. कोल्हापूरच्या उपकाराची आठवण म्हणूनही वॉर्सात स्मारक आहे. वळिवडे येथे २०१९ मध्ये स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा ऐंशी-नव्वदीच्या घरातील काही माजी रहिवासी आपली बराक कोठे होती, ते शोधत होते. बराकी मात्र राहिल्या नव्हत्या. पोलिश लोक गेल्यानंतर फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांत जागा देण्यात आली होती. त्या वस्तीचे गांधीनगर झाले व आज ते कापडाच्या घाऊक व्यापाराचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. वसाहतीच्या काळात मृत्यू पावलेल्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.